कोकणाचा दुसरा काठ सेशल्सला आहे: एका फाटलेल्या किनाऱ्याची पूर्ण केस

पुण्याहून मुंबईला ट्रेनने जाताना खंडाळ्याचा घाट उतरायला लागला की खिडकीतून समोरचे डोंगर नीट बघा. कातळाचे थर एकावर एक, एकदम आडवे, भाकऱ्यांची चवड रचून ठेवल्यासारखे. हरिश्चंद्रगडचा कोकणकडा घ्या नाहीतर राजगड घ्या, सगळीकडे हेच, पट्ट्यावर पट्टा आणि सगळे सरळ रेषेत. मी बरीच वर्षं ट्रेक करतोय आणि मला वाटायचं की आपला काळा कातळ सगळीकडे असाच आडवा असणार. मग एकदा भाईंदरच्या पुढे उत्तन-डोंगरीच्या बाजूला गेलो होतो, ओहोटी होती, आणि बघतो तर थर तिरके. सगळे पश्चिमेकडे कललेले, म्हणजे समुद्राकडे तोंड करून खाली उतरत चाललेले, जसं काही कोणीतरी पठाराची कडा धरून खाली वाकवलीय.

घरी येऊन वाचायला घेतलं आणि त्यातून सुटायला मला दोन वर्षं लागली. घाटमाथ्यावर आडवे असलेले थर पनवेलच्या आसपास वाकतात आणि किनाऱ्यापर्यंत कललेलेच राहतात, भूगर्भवाले याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, आपण पनवेलचा बाक म्हणू. कुठे दहा-पंधरा अंशाचा उतार, कुठे त्याहून जास्त. आता प्रश्न असा की जमीन अशी वाकते कधी? एक मोठं कारण म्हणजे जमीन ताणली जाते तेव्हा. आणि ताणून तुटली असेल तर तुटलेला दुसरा तुकडा कुठेतरी असायला हवा ना. तो आहे, मुंबईपासून साधारण ३,२०० किलोमीटर नैऋत्येला, विषुववृत्ताच्या पलीकडे, आणि त्याचं नाव सेशल्स.

आधी तो तुकडा बघू

महासागराच्या मधोमध जी बेटं असतात ती जवळजवळ सगळी ज्वालामुखीची किंवा पोवळ्यांची असतात, हवाई, मॉरिशस, लक्षद्वीप, मालदीव, कुठलंही घ्या. कारण सोपं आहे, समुद्राचा तळ बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या कातळाचा असतो, त्यावर लाव्हा साचून डोंगर वर येतो नाहीतर बुडत्या डोंगराच्या डोक्यावर पोवळी घर करतात. ग्रॅनाइट हा खंडांचा खडक, तो जमिनीच्या खूप खोल, हळूहळू थंड होऊन बनतो. आणि सेशल्सची माहे, प्रालँ, ला दीग ही मुख्य बेटं ग्रॅनाइटची आहेत, तेही साधारण ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या. पर्यटनाच्या फोटोत बीचवर ते मोठेमोठे गुळगुळीत गोल धोंडे दिसतात ना, तेच. भर समुद्रात ग्रॅनाइट दिसणं म्हणजे शेताच्या मधोमध एखाद्या वाड्याचा कोरीव खांब सापडण्यासारखं आहे, तो तिथे उगवलेला नसतो, तिथे कधीकाळी वाडा असतो.

मग हा ग्रॅनाइट कोणाचा? राजस्थानात जोधपूरचा मेहरानगड ज्या खडकावर उभा आहे तो मालानी गटाचा खडक, त्याचं वय साधारण ७५ ते ७७ कोटी वर्षं, आणि सेशल्सच्या ग्रॅनाइटशी त्याचं नातं लागतं असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं असेल योगायोग, पण सेशल्समधलीच सिल्हुएट आणि नॉर्थ ही दोन बेटं वेगळ्या खडकाची आहेत, सायनाइटची, आणि त्यांचं वय निघतं साधारण ६.३ कोटी वर्षं. आपल्याकडे मनोरी, उत्तन, डोंगरी या पट्ट्यातले जे फिकट रंगाचे, नेहमीच्या काळ्या कातळापेक्षा वेगळे खडक आहेत त्यांचं वयही ६.२-६.३ कोटींच्या घरात निघालंय. शिवाय १९८७ साली सेशल्सच्या पठाराच्या कडेला जहाजावरून समुद्रतळाला भोक पाडलं तर तिथे साधारण ६.४ कोटी वर्षांचा बेसॉल्ट लागला. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये तीन हजार किलोमीटर पाणी, आणि दोन्हीकडे आग एकाच काळातली.

मधल्या पाण्याखाली काय आहे

या केसमधला सगळ्यात भारी पुरावा माझ्या मते हाच आहे आणि शाळेत आपल्याला तो कोणी सांगितला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आपण आणि सेशल्स यांच्यामध्ये समुद्राच्या तळाशी एक लांबच लांब डोंगररांग आहे, तिचं नाव कार्ल्सबर्ग रिज. डेन्मार्कच्या डाना नावाच्या जहाजाची १९२८ ते १९३० मध्ये जगभर सफर झाली, तिला कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या फाउंडेशनचा पैसा होता, म्हणून हे नाव.

१९६२ मध्ये ओवेन नावाचं ब्रिटिश जहाज इकडे आलं आणि त्यावर केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज होते. त्यांनी या रिजच्या एका भागाची चुंबकीय मोजणी केली, जहाजामागे मॅग्नेटोमीटर ओढत पुढे-मागे फेऱ्या मारायच्या. आकडे आले ते विचित्र, कुठे चुंबकत्व सरासरीपेक्षा जास्त, कुठे कमी. त्यांचा विद्यार्थी फ्रेड वाइन याने त्याचा अर्थ लावला. रिजच्या मधोमध भेग असते, तिथून खालचा तप्त रस वर येतो, थंड होऊन खडक बनतो, आणि बनताना त्यातले लोहाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेने लागून तसेच गोठतात. पृथ्वीचं चुंबक मधून मधून उलटं होतं, उत्तर ते दक्षिण. म्हणजे नवीन तळ भेगेत बनणार, दोन्हीकडे सरकणार, परत नवीन बनणार, आणि दोन्ही बाजूंना सुलट-उलट-सुलट-उलट असे पट्टे तयार होणार, डावीकडे जसे तसेच उजवीकडे. १९६३ साली वाइन आणि मॅथ्यूज यांचा हा पेपर नेचरमध्ये आला (कॅनडाचे लॉरेन्स मोर्ले यांनाही स्वतंत्रपणे हेच सुचलं होतं, त्यांचा लेख मात्र छापायला नाकारला गेला). प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठमोठे तुकडे, सरकतात हे जगाला पटायला जे मोठे पुरावे लागले त्यातला एक आपल्या अरबी समुद्राच्या तळातून निघालाय!

आता हे पट्टे म्हणजे झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे वाचता येतात. रिजपासून जसजसं लांब जाल तसतसा तळ जुना. सेशल्सच्या जवळचा सगळ्यात जुना पट्टा आणि आपल्या बाजूला मुंबईच्या पश्चिमेला खोल पाण्यात लक्ष्मी रिज नावाचा जो बुडालेला उंचवटा आहे त्याच्या पलीकडचा सगळ्यात जुना पट्टा, दोघांचं वय सारखं, साधारण ६.२ ते ६.३ कोटी वर्षं. म्हणजे हा समुद्र तेव्हा उघडायला लागला. गणित स्वतः करून बघा, ३,२०० किलोमीटर भागिले ६.२ कोटी वर्षं, सरासरी वर्षाला पाचेक सेंटीमीटर. आपली नखं वर्षभरात साधारण एवढीच वाढतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो कारण तो मला स्वतःला खूप दिवस होता. प्लेट म्हणजे खंड नाही. भारताची प्लेट मुंबईच्या किनाऱ्याला संपत नाही, ती अरबी समुद्राच्या तळाखालून तशीच पुढे कार्ल्सबर्ग रिजपर्यंत जाते. किनारा म्हणजे फक्त पाणी जिथपर्यंत चढलंय ती रेघ. प्लेटची खरी हद्द रिजवर आहे आणि तिथे आजही दर वर्षी साधारण अडीच-तीन सेंटीमीटर नवा तळ तयार होतोय.

मग नक्की घडलं काय

मागून सुरुवात करतो. गोंडवन नावाचा एक महाखंड होता (नाव आपल्याच गोंडवनावरून, ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी दिलेलं). तो फुटला तेव्हा साधारण १६ कोटी वर्षांपूर्वी भारत, मादागास्कर आणि सेशल्स हे तिघं मिळून आफ्रिकेपासून सुटले. मग ९ कोटींच्या आसपास मादागास्कर मागे राहिलं. त्या तुटण्याच्या वेळची खूण कर्नाटकात उडुपीजवळ मलपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवर आहे, तिथले षटकोनी खांबांचे खडक लोक बोटीने बघायला जातात. मादागास्कर आणि आपण यांच्यामध्ये नवा समुद्र उघडत राहिला आणि सेशल्स तेव्हा आपल्याबरोबर होतं, आपल्या पश्चिम अंगाला चिकटलेलं.

आणि मग साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला. एक शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकातून आग, असं काही डोळ्यासमोर आणू नका, जमिनीला लांबलांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा वाहत राहिला, थर बसला, थोडं थांबलं, परत थर. मुख्य भाग दहा लाख वर्षांच्या आतच झाला असं आता मानतात. आजही साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर तो कातळ आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. या थरांना भूगर्भशास्त्रात जी नावं दिलीत ती वाचून मला फार आनंद झाला होता, खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ दख्खनवर पेपर लिहितो तेव्हा त्याला ठाकूरवाडी आणि आंबेनळी लिहावंच लागतं.

हा लाव्हा आला तेव्हा महाराष्ट्र कुठे होता? विषुववृत्ताच्या बराच खाली, दक्षिण गोलार्धात. हेही चुंबकत्वावरूनच कळलं, पण या वेळी समुद्रतळातून नाही, आपल्याच कातळातून. १९५०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मंडळींनी आणि नंतर मुंबईच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) लोकांनी दख्खनच्या खडकांचे नमुने मोजले, आणि त्यातली गोठलेली दिशा आजच्या मुंबईच्या अक्षांशाशी जुळेचना, ती जुळत होती दक्षिणेतल्या साधारण ३० अंशांशी. खंड सरकतात म्हटलं की तेव्हा मोठमोठे लोक हसायचे, आणि आपल्या घाटातले दगड गुपचूप तेच सांगत होते.

आता मुख्य मुद्दा. तोपर्यंत मादागास्कर आणि सेशल्स यांच्यामधल्या रिजवर समुद्र उघडत होता. साधारण ६.३ ते ६ कोटींच्या दरम्यान ती जागा बदलली. नवी भेग सेशल्सच्या उत्तरेला, म्हणजे सेशल्स आणि आपल्यामध्ये पडली, आणि थोड्याच काळात जुनी रिज बंद पडली. याला रिज जंप म्हणतात. मधला थोडा काळ दोन्ही भेगा चालू होत्या आणि सेशल्स बिचारं दोघींच्या मध्ये छोटी स्वतंत्र प्लेट होऊन जरासं फिरलं सुद्धा. मला हे कल्याणला गाडीचा मागचा डबा सोडावा तसं वाटतं, इतका वेळ आपल्याला जोडलेला डबा, कपलिंग काढलं, इंजिन पुढे निघालं आणि डबा तिथेच राहिला. पुढे ओढणारं इंजिन म्हणजे उत्तरेचा जुना टेथिस समुद्र, त्याचा जड तळ आशियाखाली बुडत होता आणि आख्ख्या भारताला आपल्यामागे ओढून नेत होता. त्या काळात आपला वेग वर्षाला १५ सेंटीमीटरच्या वर होता, प्लेटच्या हिशोबात ही सुसाट धाव. नंतर साधारण ५ कोटींच्या सुमारास आशियाला धडकलो आणि वेग पडला, तिकडे हिमालय उठला, ती गोष्ट सगळ्यांना माहितीच आहे.

पण भेग इथेच का पडली? सोपं उत्तर असं देतात की खालून आलेल्या गरम रसाच्या लोटाने जमीन मऊ झाली, दख्खनचा लाव्हा आला आणि तिथेच तुटलं. मलाही हे पटलं होतं. पण २००३ मध्ये सेशल्स आणि लक्ष्मी रिज अशा दोन्ही काठांवर जहाजं नेऊन तळाखालचे थर तपासले, तर तुटायच्या जागी लाव्हा फारच कमी निघाला! एवढा दख्खन ओतून झाल्यावर वीस-तीस लाख वर्षांनी त्याच शेजारी तुटतंय आणि तिथे आग कमी. आणि मुंबईच्या बाहेर लक्ष्मी रिजच्या अलीकडे, म्हणजे रिज आणि भारत यांच्यामध्ये, आधीची एक अर्धवट भेग सापडते, तिला उत्तरेकडे गोप रिफ्ट आणि दक्षिणेकडे लक्ष्मी खोरं म्हणतात, तिथे मात्र भरपूर लाव्हा. म्हणजे आधी एकदा तोडायचा प्रयत्न झाला, तो दख्खनच्या आधी की त्याच सुमारास यावर अजून वाद आहे, तो अर्धवट राहिला आणि मग शेजारी दुसऱ्या ओळीवर खरी फाट पडली. माझं मत विचाराल तर ओढ उत्तरेकडून होतीच, ताण आधीपासून होताच, लाव्हाने फक्त शिवण उसवून ठेवली. २०१५ मध्ये जोइडीस रेझोल्यूशन या जहाजाने याच लक्ष्मी खोऱ्यात भोकं पाडली आणि एका ठिकाणी तळाच्या बेसॉल्टपर्यंत पोचले, त्यामुळे हे चित्र आता हळूहळू साफ होतंय.

त्या गरम लोटाचा माग मात्र आजही दिसतो. तो जागच्या जागी, वरून प्लेट सरकतेय, म्हणजे खाली मेणबत्ती आणि वरून कागद सरकवत न्यावा तशी डागांची ओळ. दख्खन, मग लक्षद्वीप, मालदीव, चागोस, आणि आता शेवटी रीयूनियन बेट, जिथला पितों द ला फुर्नेझ आजही वारंवार पेटतो. १९८७च्या त्याच मोहिमेत मालदीवचा बेसॉल्ट साधारण ५.७ कोटींचा आणि चागोसचा ४.९ कोटींचा निघाला, दक्षिणेला जावं तसं वय कमी. सगळ्यांना हा लोटाचा सिद्धांत मान्य नाही, पण वयांची ही उतरती ओळ समजावणारं दुसरं काही मला अजून तितकं पटलेलं नाही.

बेडकांची साक्ष

१८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की मादागास्करच्या लेमूरसारखे प्राणी भारताकडे कसे, आणि त्याने मध्ये एक बुडालेला खंड कल्पून त्याला लेमुरिया नाव दिलं. प्रश्न बरोबर होता, उत्तर चुकलं. मध्ये जमीन होती आणि ती बुडाली असं नाही, दोन्ही जमिनीच शेजारी होत्या आणि लांब गेल्या.

याची सगळ्यात गोड साक्ष २००३ मध्ये मिळाली. केरळच्या इडुक्कीत एक जांभळा, फुगीर, डुकरासारख्या नाकाचा बेडूक, वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा, एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोस्युट यांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं नासिकाबट्राकस सह्याद्रेन्सिस. त्याचे जवळचे नातेवाईक कुठे? पश्चिम घाटातली त्याच्याच वंशाची आणखी एक जात सोडली तर भारतात कुठेच नाहीत, सेशल्समध्ये आहेत, त्यातला एक तर जेमतेम सेंटीमीटरभर. बेडूक खाऱ्या पाण्यातून तीन हजार किलोमीटर पोहत जात नाही. आणि लांब केरळात जायची पण गरज नाही, आपल्या खंडाळ्याजवळ देवगांडुळाची एक जात मिळते, इंडोटिफ्लस, पाय नसलेला उभयचर प्राणी, पावसात दगडाखाली सापडतो आणि लोक गांडूळ नाहीतर साप समजून मारतात. त्याच्या कुळातले बरेचसे भाऊबंद एकतर पश्चिम घाटात नाहीतर सेशल्समध्ये. प्लीज, दिसला तर मारू नका.

आपल्या वाट्याला काय आलं

सह्याद्री हा हिमालयासारखा दाबून उठलेला डोंगर नाही, ही फाटलेल्या पठाराची कडा आहे. ट्रेकरला हे पायाने माहिती असतं, देशावरून गेलात तर डोंगर चढावाच लागत नाही, शेतं, पठार, झाडी, आणि अचानक समोर हजार फुटांची पोकळी. फाट पडली तेव्हा कडा बहुधा आजच्यापेक्षा पश्चिमेला होती, पावसाने झिजत झिजत ती मागे सरकत आली आणि पुढे जो सखल पट्टा उरला तो कोकण.

नद्यांचं कोडंही यातच सुटतं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत ऐंशी-एक किलोमीटर, आणि ती १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. लहानपणी मला हा वेडेपणा वाटायचा. पण फाटताना कडा उचलली गेली आणि सगळं पठार पूर्वेला कललं, पाणी उताराच्या मागे गेलं. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात तर हे एका छपराखाली बघायला मिळतं, कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री पूर्वेच्या आणि सावित्री एकटी पश्चिमेला उडी मारून महाडवरून बाणकोटला समुद्रात.

कोकणातले गरम पाण्याचे झरे, वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर, हे नकाशावर मांडा, साधारण उत्तर-दक्षिण एका पट्ट्यात येतात. खाली ज्वालामुखी पेटलेला नाही, काळजी नको, ताणाने पडलेल्या खोल भेगांतून पाणी खाली जातं, तापतं आणि वर येतं. आणि १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने शोधलेलं बॉम्बे हायचं तेल, तेही याच फाटलेल्या काठाच्या खचलेल्या खोलगटांत साठलेल्या गाळातून आलेलं.

उत्तनला जायचं असेल तर ओहोटीची वेळ बघून जा, आणि पावसाळा टाळा, खडक फार निसरडे असतात. किनाऱ्यावर तोंड दक्षिणेला किंवा उत्तरेला करून उभे राहा म्हणजे थर बाजूने दिसतात. गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन गेलो होतो, सातवीत आहे, तिला म्हटलं एका थराची रेघ पकड आणि सोडू नको. ती बोट लावत लावत चालत गेली, रेघ कमरेपासून गुडघ्यापर्यंत आली, मग पायापाशी, मग पाण्यात गेली, आणि तिने मागे वळून विचारलं, मामा, ही तिकडे परत वर कुठे येते?